दोन मापांचा जोड

एकनाथनं कडब्याचं लांब चिपाड मापपट्टीवर ठेवलं, मग आखूड ठेवलं, आणि पुन्हा लांब ठेवून पाहिलं. एक पाच नंबर, दुसरं तीन.

"दोन बायकांची मापं आहेत का, बाबा?"

"न्हाय जी, एकीचीच. आमच्या कारभारनीची, राजाबाईची." बिरप्पानं खांद्यावरचं घोंगडं सावरलं. "मागल्या साली मेंढरामागं पान लागलं तिला, जनावर डसलं डाव्या पायाला. जीव वाचला, पर दवाखान्यात बोटं समदी काढली. वहानंला आंगठा लागतो की! आंगठाच न्हाय, तर वहान अडकायची कुटं? चामड्याचा बंद जोडा सोलतो. म्हनलं, तुमचा कापडी न्यावा."

मंगळवेढ्याकडून दोन दिवस चालत आला होता म्हातारा. चिपाडं मुंडाशात खोवून आणली होती. माणूस येऊ शकत नसलं की खेड्यात चिपाडानंच माप धाडायचं, ही रीत.

"जोड फोडायचा नाही," गल्ल्यावरून वेणीमाधवपंत म्हणाले. ते दुकानाचे मॅनेजर. "आणि पायात घालून बघितल्याशिवाय माल द्यायचा नाही. बाईला घेऊन ये म्हणावं."

"तिला चालता येत असतं तर जोडा कशाला लागला असता?"

"कंपनीचा नियम आहे, एकनाथ."

नियम! मुंबईला पंख्याखाली बसून कुणीतरी छापायचे, आणि सव्वीस गावच्या सव्वीस दुकानांत खिळे मारून टांगायचे. त्या शहाण्यानं जन्मात काळी माती तुडवली होती का? एकनाथचं डोकं तडकलं. पंत माल मोजायला मागं गेले, तशी त्यानं दोन खोकी उघडली. पाच नंबरातला उजवा, तीन नंबरातला डावा. बिरप्पानं जोडाची पुरी किंमत मोजली, जोडे कपाळाला लावले आणि तो गेला.

पंतांच्या ते लगेच ध्यानात आलं. खोक्यात डावा पाच आणि उजवा तीन उरला होता.

"गाढवा, जोड फोडणाऱ्याला कंपनी त्याच दिवशी घरी बसवते. घरी बायकोला सातवा महिना ना?" त्यांनी कागद पुढं सरकवला. "लिही. धनगरानं नजर चुकवून जोडे बदलले. त्याला कोण शोधत बसलंय?"

"पण त्यानं काही केलेलं नाही. मी दिले."

"ते मला ठाऊक आहे. मुंबईला कशाला कळायला हवं?"

पंत काही वाईट माणूस नव्हते. टाक त्यांनी स्वतः शाईत बुडवून एकनाथच्या हातात दिला. एकनाथचे कान तापले. जळली मेली ही नोकरी, तोंडावर फेकावी, असं दहा वेळा मनात आलं. अकराव्या वेळी त्यानं लिहिलं, खाली सही केली आणि टाक असा आपटला की टोकच वाकलं. टाकावर राग काढायला काय जातं!

तीन आठवड्यांनी मुंबईचं छापील पत्र आलं. अशी पत्रं एकनाथनंच वाचायची. मास्तरांचा मुलगा, आवाज खणखणीत.

"सोलापूर दुकानी घडलेल्या प्रकारावरून सर्व दुकानांस कळविण्यात येते की, घोंगडी पांघरलेल्या गिऱ्हाइकांस यापुढे उंबऱ्याच्या आत घेऊ नये. माल बाहेरूनच दाखवावा."

सोलापूर हा शब्द त्यानं मनाशी पुन्हा एकदा वाचला. कोल्हापुरात, बेळगावात, साताऱ्यात कुणी म्हातारा उन्हात तिष्ठत राहणार, आणि का, तर यानं चार ओळी लिहिल्या म्हणून. मुंबईचा राग आला, पंतांचा आला. स्वतःचा इतका आला की थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. हातोडी मात्र त्यानंच घेतली आणि पत्र दाराशी ठोकलं.

पुढच्या सोमवारी ऐन दुपारी दारात हाक आली.

"सायेब! बगा तरी, कोन आलंया!"

बिरप्पा होता. मागं पदर डोळ्यांपर्यंत ओढलेली एक बाई. एकनाथ धावतच दाराशी गेला आणि त्यानं दोन्ही हात चौकटीला लावले.

"थांबा. आत येऊ नका."

"हितंच बसतो की," बिरप्पा खुशीत म्हणाला आणि पायरीवर टेकला. "आमचं धुळीचं पाय, आमाला कशाला आत? राजे, पाय दाव की सायबाला."

राजाबाई लाजली. लुगड्याचा काठ जरा उचलून तिनं डावा पाय पुढं केला. जोडा धुळीनं माखला होता, पण घट्ट बसला होता.

"मंगळवेढ्यापासनं चालत आली, सायेब. माज्या म्होरं चालत हुती! म्हनली, ज्यानं दिलं त्या मानसाला एकदा बगायचं हाय."

तिनं पदर थोडा मागं सारला आणि वर पाहिलं.

"एकनाथ," आतून पंतांचा आवाज आला, "कोण आहे रे दारात?"

"कोणी नाही," एकनाथ म्हणाला.