टिटवीची तबकडी

सुईच्या टोकाला जमणारा धुळीचा गोळा खसखशीच्या दाण्याहून मोठा नसतो. पण तेवढा गोळाही खाचेत बसला की तबकडीतला सगळ्यात बारीक सूर आधी दबतो. जाड सुरांना त्याची फिकीर नसते. निवृत्तीला हे ठाऊक होतं, म्हणून त्यानं एक डोळा मिटून सुई दाराच्या उजेडाकडे धरली. टोक स्वच्छ होतं. तरी त्यानं फुंकर मारली, मऊ फडक्यानं पुसलं आणि सुई पुन्हा तबकडीच्या कडेला टेकवली.

ठेका आला. त्यामागून ते यंत्राचं घुमणं आलं, विहिरीत कुणी हंडा बुडवत असावं तसं. परक्या मुलखातल्या बाईचा आवाज आला. मग टिटवी यायची जागा आली, आणि तिथे काहीच आलं नाही.

"सुई खराब हाय," तो म्हणाला.

"कालच तं बदलली," चुलीपासून सोजराबाई म्हणाली. "आन् हयू बोला जी, वरडू नका. मी घरातच हावो, येशीत नाही."

"मंग हे रेकॉर्ड ते नोहे."

सोजराबाईचा हात भाकरीवर तसाच राहिला. तिनं एकदा फिरत्या तबकडीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

"नसंन," ती म्हणाली.

भाकरी करपली. ते निवृत्तीला वासावरून कळलं.

उंद्रीत आणि आसपासच्या गावांत निवृत्तीचा लाऊडस्पीकरचा शेट वीस-बावीस वर्षांपासून चालत होता. लग्न असो, बारसं असो, पोळा असो, झाडावर भोंगा बांधायचा, चिखलीहून भरून आणलेली बॅटरी जोडायची आणि मशीनला पाठ टेकून बसायचं. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हा मलकापूरचं एक रेकॉर्डचं दुकान बंद पडलं, आणि तिथल्या उरल्यासुरल्या तबकड्या तो पोत्यात भरून घेऊन आला. त्यात ती होती. वेष्टन नाही, निळं लेबल, लेबलावर अर्धा चंद्र, आणि न वाचता येणारी अक्षरं. गाणं कुठल्या भाषेतलं ते मास्तरांनाही सांगता आलं नाही. पण कडवं संपलं की त्यात एक सूर यायचा. तो गळ्यातला नव्हता, वाद्यातलाही नव्हता. विजेवर चालणाऱ्या कुठल्याशा पेटीतून काढलेला तो बारीक, चमकणारा आवाज वरून खाली घसरत यायचा आणि पुन्हा वर उडायचा.

पहिल्यांदा वाजला तेव्हा गावातल्या उत्तमरावांची आई रुखमाबाई म्हणाली होती, "लग्नात टिटवी कशाले वरडवतं रे मेल्या?" तेव्हापासून ती टिटवीची रेकॉर्ड. दोन हंगामांत अशी स्थिती झाली की टिटवी वाजल्याशिवाय वरात पारावरून हलेना.

आणि मग वैशाखात धामणगाव बढ्याच्या एका लग्नात निवृत्ती जेवायला बसला आणि तबकडी पेटीच्या झाकणावर उन्हात राहिली. परत येऊन पाहतो तो तिचा पापड झालेला. घरी आणल्यावर सोजराबाईनं ती सरळ व्हावी म्हणून दोन फडक्यांत घालून पाट्याखाली दाबून ठेवली. सकाळी पाटा उचलला तर तबकडी मधोमध तडकलेली. निवृत्ती तिला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कितीदा वाटलं.

तिथून त्याचा शोध सुरू झाला. कॅसेटी आल्या तसे लोक तबकड्या टाकून देऊ लागले, आणि हा त्या वेचू लागला. त्यातही त्याला सिनेमाच्या नको असत. ज्यांच्यावर काय लिहिलंय ते कळत नाही, ज्यांत माणसांपेक्षा यंत्रंच जास्त वाजतात, अशा त्याला हव्या असत. एक न्हाव्याच्या दुकानात भिंतीला ठोकलेली होती. एक धामणगावच्या चहाच्या टपरीवर दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवलेली. तिथे त्यानं घरची स्टीलची ताटली दिली आणि साय लागलेली ती तबकडी सदऱ्याच्या आत घालून आणली. घरी कोमट पाण्यानं धुऊन, सावलीत वाळवून वाजवली. त्यातही विजेचे सूर होते, आणि ते ऐकून तो खुळ्यासारखा हसला होता. पण ती टिटवी नव्हती. भंगारवाला पुंजाजी सायकलवरून गावोगाव हिंडायचा. त्याला निवृत्तीनं सांगून ठेवलं होतं : निळं लेबल, अर्धा चंद्र.

या वर्षांत आणखी एक गोष्ट झाली, पण ती इतकी सावकाश झाली की तिला झाली असं म्हणता येत नाही. भोंग्याखाली बसणाऱ्या माणसाचे कान एकदम जात नाहीत. आधी वरचे सूर जातात. ढोल ऐकू येतो, माणसांचं बोलणं बरंचसं ऐकू येतं, म्हणून आपलं काही गेलंय हे त्याला कळतच नाही. त्याला वाटतं जगच जरा मुकं झालंय. कपाशीवरच्या फवाऱ्यांनी रातकिडे संपले, असं निवृत्ती पारावर सांगायचा. बायकोनं काचेच्या बांगड्या टाकून प्लॅस्टिकच्या घातल्या, असा त्याचा समज होता. मशीनवरचं बारीक सुराचं बटण तो दरसाल थोडं थोडं पुढे सरकवत होता. आता ते शेवटाला टेकलं होतं. लोक म्हणत, निवृत्तीचा शेट आजकाल कानाले टोचते. हंगामातली लग्नं एकेक करून त्याचा पुतण्या शालिग्राम याच्या नव्या कॅसेटच्या शेटकडे जाऊ लागली.

शालिग्राम पोर वाईट नव्हता. दर दिवाळीला येऊन म्हणायचा, "काका, शेट मले द्या. तुमच्याच नावानं चालवतो. तुमी खाटेवर बसून रेकॉर्डी वाजवा."

सोजराबाईही तेच म्हणायची. निवृत्तीचं उत्तर ठरलेलं होतं. "टिटवी सापडू दे. एकडाव गावात वाजवतो, मंग देतो." ती कधी सापडायची नाही हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. त्यानंही.

आणि काल पुंजाजीनं गोणपाटातून ती काढून दिली. निळं लेबल, अर्धा चंद्र. कडेला एक ओरखडाही नाही.

"लेबल तेच हाय," निवृत्ती आता म्हणाला. "पण आंदर गाणं दुसरं छापलं असंन त्यायनं. कंपनीवाल्यायचा काय भरोसा."

"असंन," सोजराबाई म्हणाली, आणि करपलेली भाकरी आपल्या ताटाला घेतली.

दुपारी गावातच उत्तमरावांच्या मुलीचं लग्न होतं. शेट निवृत्तीचा, उत्तमराव त्याचे बालमित्र, त्यांना दुसऱ्याला सांगणं जमलं नव्हतं. लिंबाच्या झाडावर भोंगा चढला. तबकड्यांची पेटी ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवली. ती चूक आता त्यानं कधीच केली नसती. निघताना काय वाटलं कोण जाणे, पण निळ्या लेबलाची तबकडीही त्यानं पेटीत घातली.

मंगलाष्टकांच्या वेळी भटजींना ऊन लागू लागलं, म्हणून त्यांनी माइकची दांडी सावलीत ओढली. सावली लिंबाची होती आणि भोंगाही लिंबावरच होता. माइक भोंग्यासमोर आला की भोंग्याचा आवाज माइकमध्ये शिरतो, माइकमधला पुन्हा भोंग्यात, आणि असा गरगरत चढत चढत त्याची शिट्टी होते. लाऊडस्पीकरवाल्याला पहिल्याच दिवशी शिकवतात ते हे. शिट्टी सुरू झाली की झोपेतही हात बटणाकडे गेला पाहिजे.

निवृत्तीला दिसलं ते असं : आधी पोरांनी कानांत बोटं घातली. मग खुंट्याच्या बैलानं दावं ताणलं. मग अंतरपाट धरणाऱ्याचा एक हात सुटला, आणि मांडवातली सगळी तोंडं हळूहळू त्याच्याकडे वळली. काही जळतंय की काय म्हणून त्यानं मागे पाहिलं. काही नव्हतं. लोक पाहताहेत म्हणून तो कसनुसा हसला आणि त्यानं मान हलवली.

शालिग्राम पंगतीच्या पत्रावळी टाकून धावत आला आणि त्यानं बटण खाली पाडलं. लोकांच्या खांद्यांतला ताण सुटलेला निवृत्तीला लांबून दिसला.

"काऊन बे निवृत्ती!" मांडवातून उत्तमराव ओरडले. "कानात सरकी पेरली का काय? का यंदा तिथंच कपाशी लावतं?"

मांडव हसला. हसणं निवृत्तीला ऐकू आलं. ते जाड होतं.

"वायर ढिल्ली झालती," तो म्हणाला.

"हाव, वायरच होती," शालिग्राम म्हणाला, आणि ढिली नसलेली वायर क्षणभर चाचपून गेला.

अक्षता पडल्या. पंगतीला अवकाश होता. उत्तमराव फेट्याचा शेमला खांद्यावर टाकत पेटीजवळ आले. मुलीच्या बापाचं अर्धं काम संपलं होतं, त्यामुळे आवाज मोकळा झाला होता.

"लाव बे ते टिटवी. सापडली म्हणते तुले. पुंजाजी साऱ्या गावात बोंबलून राह्यला."

"ते नोहे ते, भाऊ. लेबल तेवढं सारखं हाय."

"मंग जे हाय ते लाव. माह्या पोरीचं लगन हाय, मयत नोहे."

निवृत्तीनं तबकडी पुसली. लावली. ठेका सुरू झाला तशी पाच-सात पोरं मधोमध आली. त्यांना ठेका पुरेसा होता. ज्यांनी ऐन उमेदीत या गाण्यावर वराती नाचवल्या होत्या, ती आता पिकू लागलेली माणसं खांबांना टेकून, बाजेवर बसून नुसती ऐकत होती. बाईचं कडवं संपत आलं. निवृत्तीनं सवयीनं श्वास धरला.

काही आलं नाही.

पण समोर रुखमाबाईनं हातातली काठी उचलली. "आली वं माय!" ती दोन्ही हात वर करून ओरडली. "टिटवी आली! कितीक वरसानं आली वं!"

बाजेवरची माणसं उठली. उत्तमरावांनी फेटा काढून हवेत फिरवला. कुणी शीळ घातली असावी, कारण दोन बोटं तोंडात गेलेली दिसली.

निवृत्ती वाजत्या मशीनवर तळहात ठेवून उभा राहिला. दुसरं कडवं सुरू झालं. ते कुठे संपतं हे त्याला पाठ होतं, आणि त्यानंतर टिटवी कुठून उतरते, कुठे वळते, पुन्हा कुठे उडते, तेही. तो आता तबकडीकडे पाहत नव्हता. लोकांकडे पाहत होता. त्याच्या आठवणीत जिथे ती वर जात होती, नेमकं तिथेच समोरच्या माना वर जात होत्या. एकदाही चुकल्या नाहीत. तळहाताला ठेका लागत होता. माणसांच्या चेहऱ्यांवरून टिटवी उडत गेली, आणि त्याच्यापर्यंत पोचली नाही.

त्यानं सोजराबाईला शोधलं. ती बायकांच्या घोळक्यात उभी होती. बाकीच्या हसत होत्या, टाळ्या पिटत होत्या. ती पदर तोंडाशी धरून त्याच्याकडेच पाहत होती. तिचा हात हलला आणि बांगड्यांवर ऊन चमकलं. त्या काचेच्या होत्या. सकाळचं तिचं "नसंन" त्याला आता पुरतं ऐकू आलं.

गाणं संपलं. सुई मधल्या कोऱ्या खाचेत जाऊन गोल गोल फिरत राहिली. पोरं "अजून, अजून" म्हणत होती. त्यानं सुई उचलली, तबकडी कापडात गुंडाळली, पण पेटीत ठेवली नाही, काखेत धरली.

पंगत बसली. शालिग्राम कोपर ते पंजा असा वायरीचं वेटोळं घालत होता. पाहुण्यांतले धामणगाव बढ्याचे पंजाबराव सरळ निवृत्तीकडे आले. चेहरा अजून नाचल्यासारखा लाल होता.

"काय वाजवलं राजा! जवानी आठवली." त्यांनी खिशातून अख्खी सुपारी काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. "पुढच्या महिन्यात धाकल्या पोरीचं लगन हाय. शेट तुयाच. आन् टिटवी पाह्यजेच पाह्यजे. आमच्याच गावात मेली होती, आमच्याच गावात उडू दे."

या भागात सुपारी घेऊन मूठ मिटली की बोलणं पक्कं. मग वर-खाली काही होत नाही. निवृत्तीचा तळहात उघडा होता. मूठ मिटली असती तर आणखी एक हंगाम गेला असता. वायर ढिली होती, म्हणता आलं असतं. ही ती रेकॉर्ड नव्हे, असंही. शालिग्रामनं होकार भरला असता, सोजराबाईनंही.

ती बायकांतून निघून जरा पुढे आली होती, आणि तिथेच थांबली होती.

निवृत्तीनं शालिग्रामचा हात धरला. वायरीचं वेटोळं खाली पडलं. त्यानं सुपारी त्या हातावर ठेवली आणि पुतण्याची बोटं एकेक करून मिटवली. आपल्या समजुतीनं तो अगदी हळू बोलला, पण पंगतीच्या पार टोकाला बसलेल्यांनीही पत्रावळीवरून माना वर केल्या.

"टिटवी सापडली बे, शालिग्राम. शेट घेऊन जाय. मी आता वाजवत नाही."