पंधरावं दांडकं

टीव्हीवरच्या त्या लंबूने गोल्फची मोठी स्पर्धा जिंकली आणि आमच्या घरातली झोप उडाली. लंबूने शेवटचा फटका मारला तो जाड डोक्याच्या एका नव्या क्लबने. दुकानदाराने दुसऱ्याच दिवशी तो क्लब काचेत उभा केला, शेजारी लंबूचा हसरा फोटो. आमचे हे "पाय मोकळे करून येतो" म्हणून गेले आणि परत आले ते एक पाय न वाकवता.

"गुडघा धरलाय का हो?"

"थोडासा."

"मग सदऱ्यातून लाल टोपी कुणाची डोकावतेय?"

पँटीतून नवं दांडकं निघालं. ("दांडकं नाही गं, क्लब!" असं हे चाळीस वर्षं ओरडतायत. मी आपली दांडकंच म्हणते.) आता या खेळाचा नियम असा, की पिशवीत चौदा दांडकी चालतात. पंधरावं सापडलं की दंड. यांच्याकडे चौदा होतीच. म्हणजे नवं आत घ्यायचं तर जुनं एक बाहेर काढणं आलं.

आणि येता रविवार काही साधा नव्हता. जोडी-जोडीने सामने होते. यांचा जोडीदार म्हणजे दातांचा डॉक्टर. तो तोंडावर सांगून गेला होता, "भाऊ, यंदाही पहिल्याच सामन्यात बाहेर पडलो, तर मी दुसरा गडी बघतो. राग मानू नकोस." निवृत्त माणूस, आठवडाभर त्या एका सकाळवर जगतो. ती गेली तर रविवारी हे घरी बसणार, म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात डबे उंचीप्रमाणे लावणार. ती माझी एकुलती एक शांत सकाळ!

मग सगळी दांडकी पलंगावर आली आणि यांच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. एक उचलायचं, झुलवायचं, ठेवायचं, परत तेच उचलायचं. दिव्याची शेड गेली. आरशाला तडा गेला. फरशी इतकी झिजली की खालचे भाडेकरू वर बघून हात हलवायला लागले.

"अहो, लंबू दिवसभर तेवढंच करतो. तुमचं तसं आहे का?"

"तुला नाही कळायचं. याने बॉल उंच जातो."

"उंच नेऊन करायचंय काय? भोक जमिनीत आहे ना?"

हे चिडले. शेवटी सगळ्यात आखूड, टवके उडालेलं दांडकं माझ्या हातात दिलं. "घे, तुला काठी होईल." त्याच दांडक्याने हे वर्षानुवर्षं बॉल भोकातल्या झेंड्याजवळ हळूच सरकवायचे. मी त्याच्या टोकाला रबरी बूच बसवलं आणि मिरवायला लागले.

तरी यांच्या जिवाला स्वस्थता नाही. आणखी एक दांडकं आत टाक, बाहेर काढ, आत टाक, असं रविवारी बूट घालेपर्यंत चाललं. दर दांडक्याच्या डोक्यावर मी विणलेली लोकरीची टोपी असते, नव्याला दुकानाची लाल. यांनी घाईघाईत टोप्या मोजल्या. चौदा. चहा तसाच टाकून हे निघाले, म्हणून मीही सोबत निघाले.

मैदानावर समोरची जोडी म्हणजे औषधवाला आणि त्याचा मेहुणा. यांनी नवं दांडकं काढलं, लंबूसारखे पाय रोवले आणि फटका मारला. खोटं नाही सांगत, बॉल इतका उंच गेला की तो खाली येईपर्यंत माझी मोज्याची टाच विणून झाली. तळ्यातल्या बदकांनी सामान बांधलं.

"सुरेख," डॉक्टर दात आवळून म्हणाला. "आता पुढे मार. वर नको."

कसेबसे बरोबरीत शेवटच्या होलवर आलो. डॉक्टरचा बॉल झुडपात हरवला तो हरवलाच. समोरच्यांचं खेळून झालं होतं. यांचा बॉल हिरवळीच्या कडेला, आणि दोन फटक्यांत आत घालायचा. घातला तर जिंकलो, नाहीतर जोडी मोडली. इथे हळूच सरकवायला हवा होता. यांनी नवं काढलं, ठेवलं. दुसरं काढलं, ठेवलं. तळवे पँटला पुसले. मग माझ्या काठीकडे बघितलं. असं बघितलं, की लग्नातही माझ्याकडे तसं बघितलं नव्हतं.

"भाऊ, तो पंधरावा होईल," औषधवाला हसत म्हणाला. "मग तर आम्हीच जिंकलो!"

यांनी मान खाली घातली. मी मात्र पिशवीतल्या एका पिवळ्या टोपीकडे बघत होते. उरलेल्या लोकरीची ती टोपी मी गंमत म्हणून छत्रीच्या मुठीवर चढवली होती.

"अहो, टोप्या काढून मोजा."

गवतावर दांडकी मांडली. तेरा दांडकी आणि एक छत्री! चौदावं घरी पलंगाखाली राहिलं होतं.

"कमी असेल तर भर घालता येते ना?" मी विचारलं.

औषधवाल्याने मेहुण्याकडे बघितलं, मेहुण्याने आभाळाकडे. "येते," तो कुरकुरला.

बूच उपटलं. यांनी हात फिरवला तो अगदी जुन्या सवयीने, लंबूला विसरून. बॉल गवतावरून सरपटत गेला आणि झेंड्याजवळ वीतभर अंतरावर थांबला. उरलेलं एका टिचकीचं काम होतं. मी श्वास सोडला तेव्हा झेंडा हलला म्हणतात.

डॉक्टरने यांच्या पाठीत धपाटा घातला. "पुढचा सामना रविवारी सात वाजता. जोडी पक्की! आणि वहिनींना आणायचंच. त्यांच्याशिवाय मोजणार कोण?"

झालं! यांचा रविवार वाचला आणि माझा गेला. परतताना हे शीळ घालत होते, आखूड दांडकं पिशवीत. माझ्या हातात नवं, लाल टोपीचं, माझ्या खांद्याला लागणारं.

"तुला काठी म्हणून चांगलं आहे," हे म्हणाले. "लंबू वापरतो."