अर्जुनबुवाच्या परातीतले किडे

परातीत सात किडे पडले, तशा पारावर जमलेल्या बायका पुढे झुकल्या. पांढरे, कणीएवढे, वाकडे किडे पाण्यावर तरंगत होते. अर्जुनबुवाने चांगुणाच्या पोराच्या कानाला लावलेली नळी काढली आणि परात पुढे सरकवली.

"मोजा," तो म्हणाला. "सात हायेत. किती दिवस पेला हा मिशनचं दूध?"

चांगुणाने बोटांवर मोजलं. सहाच दिवस भरत होते. तिने एक वाढवून सांगितला.

गर्दीत मागे उभ्या असलेल्या कोकिळाने ते बोट पाहिलं. पण किडेही तिने डोळ्यांनी पाहिले होते.

महाराष्ट्र राज्य होऊन तीनेक वर्षं झाली होती. दिवाळीच्या सुट्टीत जळगाव जामोदकडून एक मोटार या गावात आली आणि समुद्रापलीकडच्या देशातून आलेली मिशनची सहा माणसं शाळेत उतरली. मुक्काम पंधरा दिवसांचा. सकाळी पोरांना पावडरचं दूध, मग खरूज धुणं, डोळ्यांत मलम, दुपारी गाणी. त्यांतल्या नर्सबाईचं नाव इन्ग्रिड. गावाने तिची इंगरीबाई केली. पहिल्या दिवशी बारा पोरं आली, आठव्या दिवशी सत्तर. पिढीजात दाताची कीड पाडणाऱ्या अर्जुनबुवाच्या पारावर मात्र कुत्रं फिरकेना. नवव्या दिवशी बुवाला साक्षात्कार झाला, की गोऱ्यांच्या दुधातून कानात किडे होतात, आणि ते फक्त त्याच्याच धुरीला बधतात.

बुवाचं तोंड म्हणजे वाहता पाट. "हे दूध गाईचं नाही, म्हशीचं नाही, पिठाचं हाय. पिठात काय होते? किडे होते," असं तो समजावी, आणि बायका माना डोलावत. पिठात किडे होतात हे कोणाला ठाऊक नव्हतं?

कोकिळाने आपल्या चार वर्षांच्या मंदाला ते दूध दोनदा पाजलं होतं, तेही सासूला न सांगता. आता मंदाचा डावा कान वाहत होता, कानामागे सूज आली होती, अंगात ताप होता. कान आधी वाहायला लागला की दूध आधी दिलं, हे तिला काही केल्या आठवेना. अमरावतीच्या कॉलेजात इंटर सायन्सपर्यंत शिकलेली बाई, आणि स्वतःच्या लेकीचे आठ दिवस तिला ओळीने लावता येत नव्हते. ती दर घटकेला पोरीच्या कपाळाला हात लावी, आणि हात काढला की पुन्हा लावावासा वाटे.

इंगरीबाईने दुभाष्याकरवी स्पष्ट सांगितलं होतं. सूज हाडाला लागली तर पोर हातची जाईल. पाच दिवस रोज सुई हवी, आणि उद्यापासून मिशनचा मुक्कामही पाचच दिवस उरतो.

पण घरात सासऱ्यांचा, उकंडरावांचा शब्द चाले आणि त्यांच्यामागे सासू रुक्मिणीबाईंचा. नवरा नांदुऱ्याच्या जिनिंगात, रविवारी येणार. सासूबाईंनी ठरवून टाकलं होतं, की उद्या सकाळी मंदाला धुरी द्यायची आणि मिशनची पायरी चढायची नाही.

गर्दी पांगू लागली तशी कोकिळा परातीपाशी वाकली. पाया पडल्यासारखं करून तिने एक किडा बोटावर उचलून घेतला. तो हलेना. नखाने दाबला तर उभा चिरला गेला आणि आत दोन इवल्या पाकळ्या दिसल्या. कॉलेजात भिजवलेला हरभरा असाच उकलत असे. किड्याला पाकळ्या नसतात. हा बीमधला कोंब होता.

घरी येताना तिला शेतावर निंदायला येणाऱ्या तानुबाई भेटल्या. बुवा धुरीत काय घालतो, एवढंच तिने विचारलं.

"भुईरिंगणीचं बी," तानुबाई म्हणाल्या. "शेताच्या धुऱ्यावर ते काटेरी झाड असते ना, पिवळ्या फळाचं. आमच्या वस्तीमागून पोतंभर नेलं त्यानं. काऊन वं, बाई?"

कोकिळाने कारण सांगितलं नाही. सांगून ऐकणार कोण? सून म्हणते, बुवा खोटा. तीच सून, जिने चोरून दूध पाजलं.

सकाळी पार भरला; उकंडरावही येऊन बसले. बुवाने परातीत पाणी घेतलं, मधे विटेवर तापलेली खापरी ठेवली, तिच्यावर तेलात कालवलेली पुडी टाकली आणि भोकाचं मडकं पालथं घातलं. भोकातल्या बोरूच्या नळीतून धूर येऊ लागला. नळी पाहताच मंदा किंचाळून आईच्या गळ्याला घट्ट बिलगली.

सासूला सांगायचे शब्द कोकिळाने घोकून आणले होते. "आत्याबाई, ती भेली आहे. तुम्ही आधी नळी लावून दाखवा. आजीनं केलं म्हणजे ती बसेल."

बुवा घाईने म्हणाला, "मायले काय गरज? मायचे कान साफ हायेत."

"साफ हायेत तं काय बिघडते?" रुक्मिणीबाई म्हणाल्या आणि पदर सावरून बसल्या. बाई करड्या होत्या, पण नातीच्या रडण्यापुढे त्यांचं काही चालत नसे. बुवाने नळी त्यांच्या हातातून सोडवायला पाहिली; बाईंनी ती ओढून कानाला लावली. खापरीवर बी तडतडत होतं. ते आता परत कोण काढणार?

धूर संपला. बुवा मडकं उचलेना. शेवटी उकंडरावांनीच उचललं.

परातीत नऊ किडे होते.

कोणीतरी मागून हळूच म्हणालं, "नऊ दिवस पेली काय वं म्हातारी?" आणि पारावर हशा उसळला.

रुक्मिणीबाईंचा चेहरा लाल झाला. कार्तिकाचा महिना, त्या एकभुक्त होत्या; मिशनचं दूध सोडा, शाळेच्या अंगणाची मातीही त्यांच्या पायाला लागली नव्हती. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि सगळ्यांहून जास्त त्यांना.

बुवाने सारवासारव केली. नात मांडीवर बसते, तिचे किडे आजीच्या कानात गेले असतील.

"मंग हे खांबाच्या मांडीवरबी बसते काय?" रुक्मिणीबाई म्हणाल्या. "लाव नळी खांबाले."

बुवा उठायला लागला. उकंडरावांनी खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवला. कोकिळाने स्वतः खापरी तापवली, उरलेली पुडी टाकली आणि नळीचं तोंड पारावरच्या छपराच्या लाकडी खांबाला टेकवलं. परातीत अकरा पडले. मग तिने एकेक नखाने उकलून बायकांच्या तळहातावर ठेवला. बी तापलं की फुटतं, आतला कोंब उडून मडक्याला लागतो आणि पाण्यात पडतो, असं तिने सांगितलं. कालच्या प्रश्नावरून काहीतरी ताडून आलेल्या तानुबाईंनी ओच्यातलं पिवळं फळ फोडून तेच बी दाखवलं. चांगुणाने तळहाताकडे पाहिलं, मग पोराकडे, आणि त्याला शाळेकडे घेऊन गेली.

कोकिळा मंदाला कडेवर घेऊन तिच्याआधीच निघाली होती, जवळजवळ पळत.

पाच सुया झाल्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पाचव्या दिवशी सूज बसली. मिशनच्या पाहुण्यांपैकी एकाने सगळ्यांसमोर सांगितलं, की प्रार्थनेने पोर वाचलं. इंगरीबाईने मोडक्या मराठीत त्याला तिथेच अडवलं. "प्रार्थना मी केली. कान औषधानं बरा झाला." कोकिळाला ती बाई त्या वाक्यासाठी सगळ्यात जास्त आवडली. कोकिळाने तो कान पुढे महिनाभर रोज वास घेऊन पाहिला. धास्ती औषधाने जात नाही.

वाचकहो, अर्जुनबुवा सगळ्या गावांत असतो. त्याचा देव आणि वेश तेवढा बदलतो. त्याच्याशी भांडू नका, त्याला मारू नका. समोर चमत्कार झाला की एवढंच करा: रोगी बाजूला सारा आणि तेच पुन्हा करायला सांगा. रोग्यावाचूनही किडे पडले, तर ते रोग्याचे नव्हतेच. मग वेळ न दवडता पोर उचला आणि डॉक्टरकडे जा.