हातातलं माप

“अरे थांबव, थांबव! टाका सुटला!”

उमेशने करकचून ब्रेक मारला. सूर्यमाळच्या चढावर जीप हिसका खाऊन थांबली आणि मागच्या बाकांवरच्या सगळ्यांनी एकदम नवशीकडे पाहिलं. सिझर झालेली नवशी आज तालुक्याच्या दवाखान्यातून बाळाला घेऊन पाड्यावर परत चालली होती. तिने घाबरून पोटावर हात ठेवला.

“माजा? माजा नाय सुटला, सिस्टरबाय!”

“तुझा नाही गं. माझा.” जानकी सिस्टरने ओशाळून हातातली सुई वर धरली. सुईवरून पिवळ्या लोकरीचा एक फास निसटून खाली लोंबकळत होता.

जीपमध्ये हशा पिकला. उमेशने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. “सिस्टर, टाके घालायचे तर दवाखान्यात घाला. घाटात कशाला? माजा जीव गेलता ना!”

“तू खड्ड्यात घातलीस म्हणून सुटला.”

“खड्डा सरकारचा, टाका तुमचा, न् नाव माजं. बरंय!”

शेजारी बसलेल्या वर्षाने सुई घेतली, सुटलेला टाका खालच्या ओळीतून अलगद वर आणला आणि परत दिली. वर्षा सूर्यमाळच्या शाळेत शिक्षिका होती. रोज याच जीपने जायची. जानकीला विणायला तिनेच शिकवलं होतं.

जानकी मोखाड्याला राहायची आणि सूर्यमाळखालच्या एका पाड्यावरच्या उपकेंद्रात नर्स होती. नोकरीची बहुतेक वर्षं तिने तिथेच काढली होती. तिने आयुष्यात कधी सुईला लोकर लावली नव्हती आणि तसं करावं असं तिला वाटलंही नव्हतं. वाटायला लावलं ते तिच्या विहीणबाईंनी.

दिवाळीनंतर मुलगा प्रसाद नाशिकहून आला तो गळ्यात राखाडी मफलर घालून. “सासूबाईंनी विणला,” तो सहज म्हणाला. तो झोपल्यावर जानकीने मफलर धुवायला म्हणून घेतला आणि खिडकीशी नेऊन उलटा करून पाहिला. कुठेतरी गाठ असेल, एखादी ओळ वाकडी असेल. तिला काही सापडलं नाही. मफलर मागच्या बाजूनेही पुढच्या बाजूइतकाच नीट होता. तिने तो धुतला आणि गरजेपेक्षा जास्त जोराने पिळला.

विहीणबाई म्हणजे मंदाताई. जव्हारच्या बाजारात त्यांचं लोकर, लेस आणि बटणांचं दुकान होतं. गिऱ्हाईक नसलं की त्या गल्ल्यावर बसून विणत असत, आणि गिऱ्हाईक असलं तरी थांबत नसत. सून अवंती पहिल्या बाळंतपणाला तिथे माहेरी होती. बाळंतपण मात्र नाशिकच्या दवाखान्यात झालं, आणि तेव्हा जानकीला खोकला होता. बाळंतिणीच्या खोलीत खोकत शिरणाऱ्या बायकांना तिने जन्मभर दारातून परत पाठवलं होतं, त्यामुळे नातवालाही तिने दारातूनच पाहिलं. टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी दिसलं, इतकंच. त्यानंतर खोकला रेंगाळला आणि फोनवरच भेटी होत राहिल्या.

दर फोनला नातवाच्या अंगावर नवीन काहीतरी असायचं. पांढरी टोपी. गोंडे लावलेले पायमोजे. एकदा तर अंगठा वेगळा विणलेले हातमोजे होते.

“एवढ्याशा पोराला अंगठा कशाला?” जानकीने विचारलं.

“आईला सुचलं,” अवंती हसली. “छान दिसतात ना?”

“छानच आहेत,” जानकी म्हणाली आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ भांडी आपटत राहिली. दुसऱ्या दिवशी जीपमध्ये तिने वर्षाला विचारलं, “मला शिकवशील? सव्वा महिन्याला बारसं आहे, तेव्हा टोपी करायचीय.”

लोकर मंदाताईंच्या दुकानातून आणायची नाही, हे तिने आधीच ठरवलं होतं. वर्षाने नाशिकहून आणून दिली.

सुरुवातीला जानकी फक्त ईर्ष्येने विणत होती. टाका घातला की दोरा घट्ट ओढायची, जखम शिवावी तसा. पहिल्या पट्टीत नकळत टाके वाढत गेले आणि ती पतंगासारखी रुंद झाली. दुसरीला मधेच भोकं पडली. “लोकर पुढे राहिली की भोक पडतं,” वर्षा म्हणाली. जानकीने मुद्दाम तीनदा लोकर पुढे ठेवून पाहिली. तिन्ही वेळा भोक पडलं. तिला गंमत वाटली. चूक का झाली हे कळलं की ती पुन्हा करून बघता येते, हे तिला नवीन होतं. तिच्या कामात तशी सोय नव्हती.

मग एके दिवशी, सुलट-उलट, सुलट-उलट करताना, तिच्या लक्षात आलं की आपण मोजत नाही आहोत. बोटं आपली आपण चालली होती. मांडीवर उतरलेली पट्टी उबदार झाली होती आणि टाक्यांच्या छोट्या छोट्या वेण्या एकाखाली एक बसल्या होत्या. तिने पट्टी गालाला लावून पाहिली. त्या संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या आणि डाळ करपली. तिला वाईट वाटलं नाही. जाड लोकरीचा एकेक टाका हाताखाली तयार होताना बघण्यात एवढं सुख असतं, आणि ते मंदाताई इतकी वर्षं एकट्याच उपभोगत होत्या, याचा मात्र तिला नव्याने राग आला.

“बाळाच्या डोक्याचं माप मागवून घ्या,” वर्षा म्हणाली.

“माप मागवलं की मंदाताईंना कळेल. आणि मला कशाला माप? इतकी पोरं काढली मी. सव्वा महिन्याचं डोकं माझ्या हातात आहे.” जानकीने दोन्ही तळवे ओंजळीसारखे जवळ आणून दाखवले.

तरी खात्री करायला डोकी हवी तेवढी होती. लसीकरणाच्या दिवशी पाड्यावरच्या बायका पोरं घेऊन रांगेत बसल्या की जानकी विणलेली पट्टी त्या वयाच्या बाळांच्या डोक्यांभोवती गुंडाळून बघायची. पट्टीचं टोकाला टोक नेमकं लागत होतं. मग तिने शेंड्याला टाके आवळले, पट्टी मागून शिवली आणि टोपी झाली. सकूच्या पोरीला ती घालून पाहिली. भुवयांच्या वर, कान झाकून, अगदी मापाची.

“ऱ्हाऊ द्या ना डोक्याव,” सकू म्हणाली. “थंडी लय हाय.”

“ही माझ्या नातवाची. तुझ्या पोरीला पुढची करीन,” म्हणत जानकीने टोपी काढून घेतली.

बारसं दुकानावरच्या माडीत होतं. जव्हारच्या बाजारातल्या सगळ्या ओळखीच्या बायका आल्या होत्या. पाळण्यात नातू डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या लोकरीत होता. जानकीने लांबूनच त्याच्या टोपीवरची पानांची वेलबुट्टी पाहिली. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटल्या गेल्या, आणि तिने पर्समधून पिवळी टोपी काढली.

“आईंनी स्वतः विणलीय!” अवंती मोठ्याने म्हणाली. तिला खरंच आनंद झाला होता. तिने पांढरी टोपी उतरवली आणि पिवळी घालायला घेतली.

ती टाळूवरच अडली. अवंतीने थोडी ओढली. टोपी ताणलीच नाही. बाळाने तोंड वाकडं केलं आणि ते जोरात रडायला लागलं.

“बाहुलीची दिसतेय!” मागून कुणीतरी मावशी म्हणाली, आणि दोघीतिघी हसल्या.

“असं काय बोलता?” मंदाताई पटकन पुढे झाल्या. “टाके घट्ट आलेत, म्हणून ताण खात नाही. पहिल्यांदा सगळ्यांचे येतात. माझे आले होते. जानकीताई, वीण किती एकसारखी आहे तुमची! द्या, मी उसवून—”

“सव्वा महिन्याच्या पोराचं डोकं एवढंच असतं,” जानकी म्हणाली. आवाज रांगेतल्या बायकांशी बोलताना निघायचा तसा, करडा निघाला.

मंदाताईंनी बाळ उचललं आणि जानकीच्या हातात दिलं. त्याला ती पहिल्यांदाच घेत होती.

सवयीने तिचा एक तळवा डोक्याखाली गेला, दुसरा ढुंगणाखाली. डोकं तळव्यात मावलं नाही. बोटं पसरावी लागली. तळव्याने आधीच गृहीत धरलेल्या वजनापेक्षा खरं वजन कितीतरी जास्त होतं, आणि तिचे हात किंचित खाली गेले. नातू रडायचा थांबून तिच्याकडे बघू लागला. गळ्याला वळ्या होत्या. मनगटावर, जणू दोरा बांधावा, तशी घडी होती. फोनवर त्याचं डोकं रोज दिसायचं, पण पडद्यावरच्या डोक्याला माप नसतं. तिच्या हातात होतं ते माप पाड्यावरच्या हडकुळ्या पोरांचं होतं, आणि तेवढंच माप असतं असं ती इतकी वर्षं धरून चालली होती.

मघापर्यंत तिला मंदाताईंचा हेवा वाटत होता. आता तो कुठल्या कुठे गेला, आणि त्याच्या जागी जो आला तो या वळ्यांचा होता, या गालांचा, या भरलेल्या टाळूचा. पाड्यावरच्या पोरांसाठी आपल्याला आपल्याच नातवाचा हेवा वाटतोय हे लक्षात येताच तिने घाईघाईने त्याला छातीशी धरलं.

“बसा इथं,” मंदाताई हलकेच म्हणाल्या. “मी नाही उसवत. तुमची टोपी, तुम्ही काय ते ठरवा.”

जानकी खाली सतरंजीवर बसली. नातवाला मांडीवर घेत म्हणाली, “मंदाताई, दुकानात पिवळी असेल का? याच जातीची?”

“जात नसेल तंतोतंत. रंग मिळेल.”

“चालेल. टाके मात्र मीच घालणार.”

“मग कोण घालणार?” मंदाताई जिना उतरल्या आणि गुंडा घेऊन आल्या.

जानकीने गुंड्याचं टोक मोकळं केलं. आधी टोपीच्या कडेने लोकर फिरवून जिथे टोकाला टोक मिळालं तिथे गाठ मारली. मग तीच लोकर नातवाच्या कपाळावरून, कानांवरून मागे नेली. पहिली गाठ अलीकडेच राहिली. लोकर आणखी सोडावी लागली. डोकं पुरं झालं तिथे तिने दुसरी गाठ मारली आणि लोकर सरळ करून समोर धरली.

“किती वाढवायचं?” मंदाताईंनी विचारलं.

जानकीने दोन गाठींमधला तुकडा चिमटीत धरून दाखवला.

मंदाताईंनी त्यावर आपली बोटं आडवी ठेवून पाहिली. “दोन बोटं! एवढंच ना? होऊन जाईल की.”

“हो,” जानकी म्हणाली. “दोनच बोटं.” आणि सकूच्या पोरीच्या मापाची गाठ नि नातवाच्या मापाची गाठ, दोन्हींमधली ती लोकर तिने हातातून सोडली नाही.