सखुआजीचा धवला आणि माझा ब्रिज

मला कोणी साधं काम सांगितलं की मी ते अवघड करून दाखवतो. ठाण्यातल्या कंपनीत मला त्याचाच पगार मिळतो. पण बहिणीच्या हळदीत तरी हा शहाणपणा घरी ठेवायला हवा होता. आता हळद घरातच होती, त्याला मी काय करणार!

आमचं घर मानपाड्याचं, आगऱ्यांचं. हळद लागायची तर धवलारीण हवीच, आणि आमच्याकडे धवलारीण म्हणजे सखुआजी, बाबांची आत्या. ती धवला गाते, आधी देवांना बोलावते, मग घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलावते. आमच्या घरची रीत अशी की नाव आलं की घरातल्या कोणीतरी त्या माणसाच्या वतीने 'आयलो', म्हणजे आलो, म्हणायचं. बाबा दोन पावसाळ्यांपूर्वी गेले. त्यानंतर घरातलं हे पहिलंच लग्न, म्हणजे यंदा त्यांचं नाव पहिल्यांदाच येणार होतं. नवरीने, म्हणजे वर्षालीने, आधीच बजावलेलं, "दादा, बाकी काय नसलं तरी चालेल. आजीने बाबांना हाक मारलेली मला ऐकायचीय."

आणि सखुआजी तिकडे कोपरी गावात, तिच्या घरी, खुब्याचं हाड मोडून अंथरुणावर. मी छाती फुगवून म्हटलं, "टेन्शन नको. लाइव्ह करू."

साउंडवाला कमलेश म्हणाला, "यज्ञेशभाऊ, मांडवात मोबाईलला रेंज नाय राहायची. राउटरपासून एक वायर दे, माझ्या लॅपटॉपला लावतो. विषय संपला."

विषय असा संपला तर माझ्या डिग्रीचं काय करायचं? कोठीच्या खोलीत, तांदळाच्या गोण्यांमध्ये, माझा लिनक्सचा सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे ऑफिसने भंगारात काढलेला कॉम्प्युटर, पण मी त्याला सर्व्हरच म्हणतो. त्याला नेटवर्कची दोन सॉकेट्स. एकात राउटरची वायर, दुसऱ्यात मांडवाची, आणि मध्ये ब्रिज, म्हणजे दोन्ही बाजू एकाच नेटवर्कमध्ये जोडायच्या. एवढ्यासाठी दुकानात छोटासा डबा मिळतो, हे मला माहीत होतं. पण डब्यात कसली आलीय मजा?

मांडवात खुर्चीवर बसून, चार पाहुण्यांच्या देखत, मी लॅपटॉपवरून ब्रिज बांधायला घेतला. ज्या वायरवरून सर्व्हरशी बोलत होतो तीच ब्रिजमध्ये घातली आणि तिचा नेटवर्कमधला पत्ता ब्रिजला द्यायचं विसरलो. झालं! स्क्रीन गोठली. "अपडेट घेतोय," असं पाहुण्यांना सांगून मी कोठीकडे पळालो. तिथे गोणीवर बसून पत्ता ब्रिजवर नेला आणि पिंग केलं, म्हणजे नेट पोचतंय का ते पाहिलं. चाललं! कोपरीचा कॉल उघडला, तर सखुआजी पलंगावर नऊवारी नेसून तयार, शेजारी तिची नात प्राप्ती फोन धरून. आवाज खणखणीत.

मी ताबडतोब प्राप्तीला मेसेज टाकला: "चालू करा." मांडवात जाऊन एकदा बघावं, एवढी अक्कल कुठून आणू?

सखुआजीने सुरुवात केली. मी हेडफोन लावून खूश. तेवढ्यात मांडवातून कमलेश ओरडला, "भावा, इथे काहीच येत नाय!"

सर्व्हरला नेट होतं, पण त्याच्यातून पलीकडे मांडवात काहीच उतरत नव्हतं. मी प्राप्तीला लिहिलं, "थांबव तिला." तिचं उत्तर आलं, "मी थांबवू? तू ये आणि थांबव." बरोबरच होतं. धवला एकदा सुरू झाला की मध्ये तोडत नाहीत, आणि देव काही पुन्हा बोलवत नाहीत.

म्हणजे अख्ख्या गोताचा धवला माझ्या एकट्याच्या कानात संपत चालला होता. तिकडे आजी गावदेवीपर्यंत आली, इकडे मी दहा खिडक्या उघडून बसलो. वायर ठीक, ब्रिज ठीक, मी सोडून सगळंच ठीक. मग पणजोबांचं नाव आलं. "धोंडीबा..." आजी थांबली. मी हेडफोनच्या माईकमध्ये म्हणालो, "आयलो!" तिकडे काहीच नाही. तिने पुन्हा हाक मारली, वाट पाहिली. तिचा चेहरा कसनुसा झाला. आपण भिंतीला गातोय असं तिला वाटलं असणार. माझा माईक म्यूट आहे हे दिसून मी तो चालू केला तोवर ती पुढे गेली होती. मला स्वतःची एवढी लाज कधीच वाटली नव्हती.

मी हेडफोनची ऐकायची पिन उपटून तिथे छोटे स्पीकर लावले, माईकची पिन तशीच ठेवून तो खोलीकडे फिरवला आणि मांडवात धावलो. "वर्षाली, ऊठ! पाट घे! कोठीत चल!"

"कोठीत? दादा, वेडा झालास का?"

"बाबांचं नाव येतंय गं!"

ती उठली. मागून आई, काकवा, हळदीची वाटी, दिवा, सगळी वरात. गोण्यांमध्ये पाट मांडला. नवरी तांदळाला टेकून बसली. एवढ्या दाटीत कोणीतरी माझ्या कीबोर्डवर हळद सांडली.

आणि तेव्हाच मला चूक दिसली. गेल्या वर्षी हौसेने टाकलेल्या कुठल्याशा प्रोग्रामने फायरवॉलला सांगून ठेवलेलं, आरपार काही जाऊ देऊ नको. एका ओळीचं काम. ओळ लिहिली, बोट एंटरवर नेलं. मांडवात दोनशे माणसं, कमलेशचे भिंतीएवढे स्पीकर. पण चुकलं तर आहे तेही जाणार होतं. मी बोट मागे घेतलं. एखादी गोष्ट चालू असताना मी तिला हात लावला नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं. नंतर जेवताना प्रत्येकाने मला एकेक सोपा उपाय सांगितला.

"परशुराम..." सखुआजीने हाक मारली.

वर्षालीने माझं मनगट घट्ट धरलं. स्पीकरमधून पुन्हा हाक आली, या वेळी हळू, "परशुराम, बाला..."

"आयलो!" वर्षाली रडतच ओरडली. मागोमाग मी, आई, काकवा, सगळेच ओरडलो.

तिकडे सखुआजीने डोळे पुसले. "आयलास? बस रं. पोरीच्या बाजूला बस."

आईने पायाने तांदळाची गोण मागे सारली आणि पाटाशेजारी एका माणसाची जागा केली.