अडलेला बोल्ट
निवेदितानं बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा लोखंडी दांडा, पुन्हा रायफलीत सारला आणि तो पुन्हा तिथंच अडला. तिनं तो ओढून काढला आणि टेबलावर जरा आदळूनच ठेवला.

सप्तापुरातल्या कॉलेजात ती भौतिकशास्त्र शिकवायची आणि गेल्या वर्षापासून एनसीसीही तिच्याच गळ्यात होती. बाकीच्या जुन्या रायफली बटालियननं परत नेल्या होत्या. उरली होती ही एकच, कवायतीपुरती; गोळीवर आपटणाऱ्या स्ट्रायकरचं टोक कापलेलं, त्यामुळं गोळी उडायचा प्रश्नच नव्हता. उद्या तपासणी. बोल्टमध्ये गंज दिसला म्हणून सकाळी तिनं तो उघडला, एकेक भाग रॉकेलनं पुसला, तेल लावलं.

मग जोडायला घेतला. स्प्रिंग चढवून स्ट्रायकर बोल्टच्या नळीत घातला, मागं कॉकिंग पीस, म्हणजे अंगठ्यानं ओढायचा लोखंडी तुकडा, त्यावर पिळून बसवला, पुढचं बोल्टहेड फिरवून घट्ट केलं. हातात बोल्ट अगदी बरोबर दिसायचा. रायफलीत मात्र जायचा नाही. तिनं तो पुन्हा खोलला, पुन्हा जोडला. एकदा स्प्रिंग निसटून कपाटाखाली गेली आणि तिला फरशीवर आडवं पडून काढावी लागली. फोनवरच्या व्हिडिओतला माणूस नेमका बोल्ट घालायच्या क्षणी पंजानं सगळं झाकायचा आणि पुढं म्हणायचा, झालं. कवायत शिकवणारा बटालियनचा हवालदार रजेवर होता, फोन उचलत नव्हता.

तेवढ्यात तिचा नवरा वादिराज न्यायला आला. केलगेरीला त्याच्या थोरल्या बहिणीची, हेमावतीअक्काची वास्तुशांत होती. त्यानं घड्याळ पाहिलं, बोल्ट उचलला, रायफलीत घातला आणि अडल्यावर तळहातानं दोन दणके दिले.

"साकु, पुरे आता," तो म्हणाला. "जरा जोर लावला की बसतंय."

निवेदितानं रायफल त्याच्या हातातून काढून घेतली. बोल्टच्या कडेला ताजा ओरखडा उठला होता.

"तुम्ही पुढं व्हा. मी रिक्षानं येते."

अक्काला काय सांगू, असं त्यानं दोनदा विचारलं. ती कपाटात कानस शोधू लागली, तेव्हा तो गेला.

ओरखडा कानशीनं घासताना तिचे डोळे भरून आले, आणि त्याचाही तिला राग आला. मग तिनं बोल्ट उभा धरला. मागच्या टोकाला दोन खाचा होत्या, एक लांब, एक आखूड. कॉकिंग पीसचा दात लांब खाचेत उतरला होता. तिनं तो तुकडा मागं ओढून फिरवला, तसा दात लांब खाचेतून निघून आखूड खाचेत टेकला. ती थांबली. बोल्ट बंद असताना घोडा दाबला की तुकडा पुढं जातो. लांब खाच त्यासाठी. बोल्ट उघडताना तोच तुकडा मागं ढकलला जातो. आणि बोल्ट रायफलीत घालायचा तो उघडाच. म्हणजे घालताना दात आखूड खाचेतच हवा. सकाळपासून ती उघडा हवा असलेला बोल्ट बंद अवस्थेत जोडत होती.

तिनं दात आखूड खाचेत ठेवून बोल्ट सारला. तो सरळ आत गेला. योगायोग नको म्हणून तिनं काढून पुन्हा घातला. आनंदापेक्षा चीडच जास्त आली. एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर.

केलगेरीला पोचली तेव्हा शेवटची पंगत उठत होती. वादिराज पाहुण्यांना सांगत होता की मीच दोन दणके देऊन सैल करून आलोय, आता हिला जमलंच असेल.

"दणक्यांनी ओरखडा पडला," निवेदिता सगळ्यांसमोर म्हणाली. "तो घासण्यातच अर्धा तास गेला."

वादिराज पाणी आणायला म्हणून उठला. हेमावतीअक्कानं पान मांडलं आणि तिला बसायला सांगितलं. भात गार झाला होता, सार संपलं होतं, आणि कितीदा हात धुतले तरी बोटांवरचा रॉकेलचा वास जात नव्हता.