शुभेच्छुक भिमाजीतात्या

लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, आमच्या ह्यांनी गिटार काढली की सासरे पायात चपला घालतात. भांडण नाही, तंटा नाही. सरळ उठतात आणि मिरजगावच्या स्टँडवर जाऊन बसतात. कल्याणरावांना, म्हणजे आमच्या ह्यांना, जगाने ऐकलं नाही तरी चालेल. बापाने एकदा बसून ऐकावं एवढीच त्यांची हौस. आणि बाप ऐकेल तर शपथ!

ह्यांचं दैवत म्हणजे स्वीडनचा आर्विद स्टोरबेक. प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवतो. एकच गाणं वीस वीस मिनिटं चालतं आणि मधेच भलत्या वाटेला लागतं. गेल्या महिन्यात तो सत्तरीचा झाला. आमच्याकडे वाढदिवस म्हटला की फ्लेक्स आलाच, म्हणून ह्यांनी नगरला छापायला टाकला. छापणाऱ्याला वाटलं, खाली शुभेच्छुक नसले तर फ्लेक्स उघडाबोडका दिसेल. आमच्या वास्तुशांतीच्या फ्लेक्समधले फोटो त्याच्याकडे होतेच. त्याने ते परस्पर लावले आणि फ्लेक्स मिरजगावच्या स्टँडवर टांगूनही टाकला. सगळ्यात मोठा फोटो सासऱ्यांचा, फेटा बांधून हात जोडलेला.

संध्याकाळी सासरे तणतणतच घरी आले.

"समदी इचारत्यात, भिमाजीतात्या, हे पाव्हनं कुठलं? झेडपीला उभं ऱ्हानार का? आरं, ज्याला हात जोडून शुभेच्छा दिल्या, त्यो कोन हेच मला ठावं न्हाई! कोन हाय ह्यो?"

ह्यांनी घाबरत घाबरत सांगितलं. आर्विदने तरुणपणी मित्रांबरोबर बँड काढला, नाव झालं. मग लोकांची आवड बदलली, बँड मोडला. आर्विद शाळेत पोरांना गिटार शिकवायला लागला, पण लांबलचक गाणी त्याने सोडली नाहीत. पुढे जपानात लोक ऐकू लागले, चिलीत ऐकू लागले. आता म्हातारपणी त्याच्या गावातही हॉल भरतो.

"इतकी वर्सं कुनी ऐकलं न्हाई, तरी वाजवतच ऱ्हायला?"

"व्हय, तात्या."

"मग घरची काय म्हनायची त्याला?"

मला राहवलं नाही, रागच आला होता.

"घरची चपला घालून स्टँडवर जात असतील, मामा."

बोलले आणि जीभ चावली. सासरे खाटेवर बसले आणि ह्यांना म्हणाले, "वाजव बरं त्याचं गानं."

ह्यांनी अख्खं गाणं वाजवलं. सासऱ्यांनी एकदा जांभई दिली, एकदा "संपलं का?" विचारलं, पण जागचे हलले नाहीत.

गाणं संपलं. ह्यांनी गिटार खाली ठेवायला घेतली.

"थांब की. हे पाव्हन्याचं झालं," सासरे म्हणाले. "आता तुझं वाजव."

ह्यांनी स्वतः बांधलेली एक चाल होती. ती मी सोडून कुणी ऐकली नव्हती. हे गिटारच्या खुंट्या पिळत बसले. मी म्हटलं, "वाजवा की, मामा थांबलेत." आणि खोटं कशाला सांगू, मला रडूच आलं.